लॅपटॉप जुंपला त्याची गोष्ट

आमच्या लॅपटॉपला नवीन सिस्टीम झेपेल की नाही, हे ठरवायला घरी बैलबाजारातला दलाल बोलावला होता.

दलाल म्हणजे परका कोणी नव्हे, आमचे तात्या. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. पालीच्या अलीकडच्या एका वाडीत राहतात आणि चाळीस वर्षं बैलांचे सौदे जमवतात. त्यांनी पारखून दिलेला बैल ऐन औताला बसला असं आजवर एकदाही झालेलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. (बैलांचं म्हणणं कोणी घेतलेलं नाही.)

बोलावणं अण्णांचं होतं. अण्णा भोरला कचेरीत कारकून. कागद आपल्याकडे आला की त्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहायचं आणि वर पाठवायचा, यातच त्यांची सगळी नोकरी गेली. घरात वर पाठवायला कोणी साहेब नव्हता. म्हणून घरचे अवघड कागद वेल्ह्याच्या एसटीने तात्यांकडे जायचे.

आता यात माझा काय संबंध, तर सगळाच माझा संबंध. गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. मी नुकती बी.कॉम. झाले होते. पाचवी ते दहावी पुण्यात मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले होते, त्यामुळे घरात माझी दोन कामं ठरलेली होती. एक, औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवणं. दुसरं, पाहुण्यांसमोर "जरा विंग्लिश बोल की गं" असा आग्रह सुरू झाला की चहा बघायला आत निघून जाणं. बोलायचा मला पहिल्यापासून कंटाळा. कंटाळा हा मी सभ्यपणे वापरलेला शब्द आहे. खरा शब्द भीती.

अशा मुलीला मानवेल असं काम जगात एकच असतं, आणि ते मला मिळायच्या बेतात होतं. पुण्यातलं एक ऑफिस मिक्सर, गीझर, फवारणीचे पंप अशा वस्तूंसोबत येणारी माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत करून घ्यायचं. काम घरी बसून करायचं. कोणाशी बोलायचं नाही. अण्णांनीही होकार दिला होता, पण तो सशर्त. मुलीने काम करायला हरकत नाही, मात्र घरात बसून. पुण्यात खोली घेऊन राहणं नाही, रोज एसटीने जाणं-येणं नाही. घरबसल्या जमलं तर उत्तम, नाही जमलं तर दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात. एकाचा फोटो तर आलाही होता. ट्रॅक्टरला टेकून उभा होता. ट्रॅक्टर चांगला होता.

तर ऑफिसकडून एक पत्र आलं. आलं म्हणजे मेलवर आलं आणि एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी ते छापून घेतलं. सोमवारी अकरा वाजता परीक्षा. ऑफिसातून मेलवर मजकूर येईल, तो तासाभरात मराठी करून परत पाठवायचा. त्याआधी आपल्या मशीनवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम हवी, आणि त्या सिस्टीमसाठी मशीनमध्ये काय काय हवं त्याची एक चौकट खाली दिली होती.

लॅपटॉप आमच्याकडे होता, आणि घरच्या फोनच्या तारेवर इंटरनेटही नुकतंच घेतलं होतं. मावसभावाने नवा घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला. टॉवेलात गुंडाळून स्वारगेटला कंडक्टरच्या ताब्यात दिला आणि भोरला अण्णांनी उतरवून घेतला. आईने त्याच दिवशी त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणायला घेतला. हा रुमाल वरून काढायचा, काम करायचं आणि परत घालायचा, असा नियम होता. टीव्हीलाही एवढा मान नव्हता.

गुरुवारी सकाळी तात्या आले. चहा झाला. लॅपटॉप सोप्यात पाटावर ठेवला होता, कारण तात्या खुर्चीवर बसून जनावर बघत नाहीत.

"काय भानगड हाय नेमकी?" तात्यांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तेवढ्या कमी शब्दांत सांगितलं. लॅपटॉप म्हणजे नुसतं अंग. त्याच्याकडून काम करून घेते ती सिस्टीम.

"म्हंजे गाडीवान," तात्या म्हणाले.

"हो."

"आन तुला जुना काढून नवा गाडीवान बसवायचाय."

"हो. पण नवा जड आहे."

"मग इचार त्योच. ह्या अंगाला त्यो जड गाडीवान झेपंल का न्हाई. एवढं सरळ हाय की." तात्यांनी अण्णांकडे वळून म्हटलं, "बाळू, तू फोनवर उगं घाबरवलंस मला. मला वाटलं कायतरी कोर्टाचं हाय."

(मी नंतर पुष्कळ जाणकारांकडून ऑपरेटिंग सिस्टीम समजावून घेतली आहे. तात्यांच्या गाडीवानाच्या पुढे कोणी गेलेलं नाही.)

"कागदावर काय लिवलंय ते वाच," तात्या म्हणाले.

मी कागद हातात घेतला. "मेमरी कमीत कमी एक पाहिजे."

"आन आपल्यात किती हाय?"

"पाचशे बारा."

इथे मी थांबले. वाक्य पुरं व्हायला आणखी दोन शब्द हवे होते. हवी होती एक जीबी आणि होती पाचशे बारा एमबी. एका जीबीत एक हजार चोवीस एमबी मावतात. म्हणजे आमच्याकडे बरोबर निम्मी मेमरी होती. हे मला पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं. शाळेत विज्ञानाच्या बाई उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की अर्धा गुण कापायच्या. मी खोटं काही बोलले नाही. मी फक्त एकक गाळलं आणि अर्धा गुण कापला जायची वाट बघत बसले.

कोणी कापला नाही.

"एक मागत्यात," तात्या सावकाश म्हणाले, "आन आपल्यात पाचशे बारा हायत."

"पाचशे अकरा उरतात," अण्णा म्हणाले. हिशेब अण्णांचा पक्का.

आई स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरून उभी होती. तात्यांसमोर ती फारसं बोलत नाही, पण वाया जाणारं काही दिसलं की तिला राहवत नाही. "मग उरलेल्यातलं थोडं शेजारच्या सुमनच्या पोराला देता येईल का? तोही कॉम्प्युटर शिकतोय."

हीच वेळ होती. "अण्णा, त्याचं असं आहे," एवढं म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप आलं असतं. पण तिघांचे चेहरे इतके उजळले होते, आणि ट्रॅक्टरवाल्याचा फोटो शोकेसमध्ये इतका समोर होता, की मी कागदाची घडी घातली.

"तरी बी," तात्यांनी बोट वर केलं, "आकड्यावर जाऊन इसार द्यायचा न्हाई. कागदावरचा बैल येगळा आन दावणीचा येगळा. हात लावून बघू द्या मला."

मग तात्यांनी लॅपटॉप पारखला. आधी दोन्ही हातांवर तोलला. पाठीवर थाप मारून आवाज ऐकला. उलटा करून खालची चार रबरी बटणं पाहिली. त्यातलं एक गळून पडलं होतं. "एका खुरात खोट हाय. चालंल." मग झाकण उघडून कीबोर्डवरून अंगठा फिरवला.

"ह्यो एक दात पडलाय."

"तो क्यू आहे," मी म्हटलं. "फारसा लागत नाही."

"वय?"

"पाच वर्षं."

"जुळलाय," तात्या म्हणाले. म्हणजे सगळे दात आलेला, पुरा वाढलेला. "पन अजून म्हातारा न्हाई. आता जुपून बघू."

बाजारात बैल घेताना नुसते दात बघून भागत नाही. गाडीची चाकं दोराने बांधतात, वर चार माणसं बसवतात आणि मग बैलाला ओढायला लावतात. जो त्यातही मान खाली घालून रेटा देतो तो खरा. तात्यांचं म्हणणं, लॅपटॉपलाही तोच न्याय. त्याला एकदम जेवढं काम देता येईल तेवढं द्यायचं.

"काय काय करतो ह्यो?"

मी चुलतबहिणीच्या लग्नाची सीडी घातली. ती सुरू झाली.

"अजून टाक."

त्याच लग्नाचे तीनशे फोटो उघडले. "अजून." गाणं लावलं. "अजून." पत्त्यांचा डाव, कॅल्क्युलेटर, डिक्शनरी. "अजून." अण्णांच्या कचेरीतल्या एका तक्त्याची फाईल होती, तीही उघडली. (त्या फाईलला आमच्या घरातलं सगळ्यात जड काम म्हणून मान होता.) पडद्यावर नवरी अर्ध्या हारात थबकली. आतला पंखा आधी कुजबुजला, मग मळणीयंत्रासारखा सुरू झाला. पाट थरथरायला लागला. आई दारातून आत आली आणि काही न बोलता पदराने त्याला वारा घालू लागली.

तात्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. मिनिटभराने नवरीचा हार पुढे सरकला आणि नवऱ्याच्या गळ्यात पडला.

"ऊन झालाय," तात्या म्हणाले. "पन त्वांडाला फेस न्हाई. धाप लागली, पन गुडघं टेकलं न्हाईत." त्यांनी डोळे उघडले. "झेपंल."

अण्णांनी सुस्कारा सोडला. कागद वरून मंजूर होऊन आला होता.

नवी सिस्टीम घालायला शुक्रवारी आम्ही तिघं कापूरहोळला गेलो. तिथे फाट्यावर मुनीरभाईंचं दुकान होतं. टीव्ही, मोबाईल, पंपाचे स्टार्टर आणि कॉम्प्युटर, असं सगळं ते एकटे दुरुस्त करायचे. तिशीतला शांत माणूस. पुण्यात शिकून आला होता, आणि त्या सगळ्या पट्ट्यात या विषयातलं खरोखर कळणारा तो एकटाच होता. त्यामुळे त्याचं कोणी ऐकलं नाही, हे ओघाने आलंच.

मुनीरभाईंनी लॅपटॉप सुरू केला, दोन ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाले, "काका, ह्यात पाचशे बाराच आहे. चढेल, पण चालणार नाही."

"पाचशे बारा हायत त्ये ठावं हाय आमाला," तात्या म्हणाले. "म्हणून तर आनलाय."

मुनीरभाईंना काहीतरी चुकतंय असं वाटलं असावं. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी मी तो बराच वेळ पाहिला.

"मेमरी वाढवून घ्या मग," ते म्हणाले. "ह्या मॉडेलची माझ्याकडे नाही. मागवली तर पंधरा दिवस लागतील."

"सोमवारी परीक्षा आहे," अण्णा म्हणाले.

तात्यांनी अण्णांना दाराबाहेर घेतलं. बाहेर म्हणजे दोन पावलांवर, त्यामुळे आत सगळं ऐकू येत होतं. "बाळू, जो दलाल ह्ये जनावर घेऊ नगा म्हणतो, त्याच्या गोठ्यात दुसरं जनावर बांधलेलं असतं. ध्यानात ठेव."

परत आत येऊन ते म्हणाले, "चढंल म्हणताय न्हवं? मग चढवा."

"काका, असं बघा. जीपमध्ये वीस माणसं कोंबून बसवता येतात. पण पुढं घाट आला की काय करणार?"

"वेल्ह्याच्या जीपमदी बावीस बसत्यात," तात्या म्हणाले. "आन चढतीया."

ती जीप खरंच चढते.

मुनीरभाईंनी शेवटचा उपाय म्हणून माझ्याकडे मोर्चा वळवला. "ताई, कागद तुम्ही वाचलाय. इंग्रजी तुमचं चांगलं आहे. तुम्हीच सांगा ह्यांना. घालायची का?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. रस्त्यावरून साताऱ्याचा ट्रक गेला. मी तो जाऊ दिला.

"करून बघू या," मी म्हटलं.

मुनीरभाईंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं, ते मी पुढे खूप वर्षांनी ओळखलं. खरं माहीत असलेला माणूस खरं माहीत असलेल्या दुसऱ्या माणसाकडे असंच बघतो.

"जुनं सगळं पुसलं जाईल," ते म्हणाले. "जुनी परत घालायची सीडी आहे?"

"नाही."

"म्हणजे मागं यायला रस्ता नाही."

"बैल मागं चालतच न्हाई," तात्या म्हणाले आणि सौदा पक्का करायला त्यांनी खांद्यावरचा पंचा हातावर टाकून हात पुढे केला. बाजारात दर असाच ठरतो, पंच्याखाली एकमेकांची बोटं धरून. मुनीरभाईंनी पंच्यासकट तो हात हातात घेतला, प्रेमाने हलवला आणि म्हणाले, "देव तुमचं भलं करो, काका." मग कागदाच्या एका चिटोऱ्यावर त्यांनी लिहून दिलं: गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून. अण्णांना ही पद्धत फार आवडली. चिटोरा त्यांनी खिशात नीट ठेवला.

चार तास लागले. तेवढ्यात आम्ही धाब्यावर दोनदा भजी खाल्ली.

नवी सिस्टीम दिसायला देखणी होती, हे मान्य करायला हवं. खिडक्या काचेच्या, कडा चकाकणाऱ्या. शनिवारी सकाळी आईने डाळ शिजायला लावली तेव्हा मी लॅपटॉप सुरू केला. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. डाळ निवली. फोडणी बसली. आई भाकरी थापायला बसली तेव्हा पडद्यावर 'वेलकम' आलं.

"शांत आहे स्वभावाने," आई म्हणाली.

अण्णांनी तात्यांना फोन लावला. तात्यांचं मत स्पष्ट होतं. "नवी जागा हाय त्याला. गोठा बदलला की जनावर दोन दिस वैरणीला त्वांड लावत न्हाई. सोमवारपातूर रुळंल."

दुपारी मी टाइप करून बघितलं. एक ओळ लिहिली, पडद्यावर काहीच नाही. मी पाणी पिऊन आले. तेव्हा अक्षरं एकेक करून उमटत होती, पगाराच्या दिवशी रांगेत उभी राहिल्यासारखी. आता मला कसलीच शंका उरली नव्हती. सांगायला अजून दीड दिवस होता. रविवारी मी न्हाणीघरात जाऊन दोन वाक्यं मराठीत आणि एक इंग्रजीत तयार केलं. इंग्रजी वाक्य जास्त चांगलं झालं होतं. तिन्ही वाक्यं न्हाणीघरातच राहिली.

त्याऐवजी मी एक उपाय शोधला. लॅपटॉप सुरू केल्यावर वीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. मग तो थोडा वेळ बरा चालायचा. म्हणजे अकराच्या परीक्षेसाठी आठला सुरू केला तर काम होऊन जाईल, असा माझा हिशेब. (बी.कॉम.ला मला हिशेबात बरे गुण होते.)

सोमवारी पहिल्या गाडीने तात्या हजर. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. आईने लॅपटॉपच्या झाकणाला हळदकुंकू लावलं. अण्णांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मी पाटासमोर बसले, माझ्या मागे तात्या, बाजूला अण्णा, दारात आई. कोणाशी बोलायला लागू नये म्हणून मी हे घरबसल्या काम निवडलं होतं, हे मला त्या वेळी प्रकर्षाने आठवलं.

अकराला मेल आला. मी तो उघडला आणि पडद्यावर एक निळी चकती गोल फिरायला लागली.

"घाणा सुरू झाला," तात्या म्हणाले.

सात मिनिटांनी मजकूर दिसला. मिक्सरचं माहितीपत्रक होतं. पहिलंच वाक्य असं, की या यंत्रावर त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त भार टाकू नये. मी ते वाक्य दोनदा वाचलं. लिहिणाऱ्याला आमच्याकडचं कोणी भेटलं असावं.

"काय म्हणत्यात?" तात्यांनी विचारलं.

"मिक्सरचं आहे," मी म्हटलं.

मी टाइप करायला घेतलं. चार ओळी झाल्या तरी पडदा कोरा. आठ ओळी. कोरा. दहाव्या ओळीला पडद्यावर एक 'या' उमटला. पहिलाच शब्द. सगळे त्या 'या'कडे बघत बसले. पंख्याचा आवाज वाढत गेला. आई पदर घेऊन पुढे आली. अण्णा खिशातला मुनीरभाईंचा चिटोरा चाचपत होते. तात्यांनी जीभ टाळूला लावून दोनदा हलकेच चुचकारलं, मग त्यांचं त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, कारण ते खाकरले.

'या'च्या पुढे 'यं' आला. मग पडदा पांढरा झाला. पंखा थांबला. खोलीत अशी शांतता झाली की आईच्या बांगड्या ऐकू आल्या.

तात्यांनी पुढे वाकून लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला.

"बसला," ते म्हणाले.

साडेअकराला अण्णांचा मोबाईल वाजला. ऑफिसच्या मॅडम. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या मोबाईलचा आवाज नेहमी पूर्ण मोठा असतो. पलीकडचा माणूस आमच्या घरातच उभा असल्यासारखा बोलतो.

"अश्विनी, मजकूर मिळाला ना? काही अडचण?"

मी आत जायला वळले, पण दारात आई होती. मग बोलावंच लागलं.

"मॅडम, माझ्या लॅपटॉपला नवीन सिस्टीम झेपत नाही. मेमरी निम्मीच आहे. हवी एक जीबी, म्हणजे एक हजार चोवीस एमबी. माझ्याकडे पाचशे बारा एमबी आहे. मला हे आधीपासून माहीत होतं."

एवढं सलग मी त्या घरात कधीच बोलले नव्हते. शेवटचं वाक्य तर न बोलताही चाललं असतं.

"मग घातलीस कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"पत्रात लिहिलं होतं."

"अगं, ते पत्र सगळ्यांना जातं. नवीन मशीन घेणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून. माझ्याकडच्या निम्म्या मुली जुन्या सिस्टीमवरच काम करतात. मी स्वतः जुन्यावर आहे आत्ता. एक फोन करून विचारायचंस."

"मला फोनवर बोलायला जमत नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "बरं, ते पहिलं वाक्य तोंडी सांग. मराठीत कसं केलंस?"

मी पाटावरच्या पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं. "या यंत्राला झेपेल तेवढंच काम द्यावं."

"छान," मॅडम म्हणाल्या. "हे इतकं साधं कोणी करत नाही. सगळे क्षमता आणि भार करत बसतात. काम देते मी तुला. पण लॅपटॉपवर आता विसंबता येणार नाही. पहिलं वर्षभर इथे पुण्यात येऊन आमच्या मशीनवर बसावं लागेल. राहायची सोय बघ. घरी विचार आणि संध्याकाळपर्यंत कळव."

घरी विचारायचं काही राहिलं नव्हतं. घराने सगळं ऐकलं होतं.

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आश्वे."

"हो, तात्या."

"पाचशे बारा म्हंजे एकाच्या निम्मं?"

"हो."

"आन तुला त्ये पयल्या दिसापास्नं ठावं."

"हो."

"म्हणजे," अण्णा हळूच म्हणाले, "पाचशे अकरा उरत नव्हते. पाचशे बारा कमी पडत होते."

आई म्हणाली, "बरं झालं, सुमनला काही बोलले नाही मी."

तात्या माझ्याकडे बघत होते. मी ओरडा खायच्या तयारीने मान खाली घातली. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याच्या हातचं काम उलटसुलट करून बघावं, तसं काहीतरी होतं.

"चाळीस वर्सं बाजारात हाय मी. शिंगं तासून, दातावर कानस मारून म्हातारा बैल तरना म्हणून इकणारे बघितलेत. पन त्ये बी परक्याला इकत्यात. हिनं आपल्या बापाला, आईला आन जलमभर दलाली केलेल्या चुलत्याला एकाच बैठकीत इकला. आन बोलली किती? दोन आकडं."

"चुकलंच तिचं," अण्णा म्हणाले. "पण आता पुण्याचं काय करायचं, दादा? आपलं तर ठरलं होतं, घरीच ठेवायची म्हणून."

कागद पुन्हा वर गेला होता. तात्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि उठले.

"घरी ठेवतोस? जाऊ दे तिला पुण्याला. हितं ऱ्हायली तर येत्या बाजारी तुला नेऊन इकंल, आन गिऱ्हाइकाच्या दावणीला जाऊस्तोवर तुला कळायचं बी न्हाई."

अण्णांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

आमच्या गल्लीतून नोकरीला बाहेरगावी गेलेल्या मुलींची नावं लोक अजून कौतुकाने घेतात. कोणी मेरिटवर गेली, कोणी स्पर्धा परीक्षा देऊन गेली. मी घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी गेले.